पहिली क्लब स्प्रिंट: गाडीला काय करायचं आणि दिवस कसा जातो

प्रश्न थोडक्यात असा: ठाण्यात राहतो, पाच वर्षांची पेट्रोल स्विफ्ट आहे, रोज ऑफिसला तीच लागते. एका कार क्लबच्या स्प्रिंटला पहिल्यांदाच नाव दिलंय. एक्झॉस्ट आणि एअर फिल्टर बदलून घेऊ का, आणि त्या दिवशी नेमकं काय काय होतं?

एक्झॉस्ट नको, फिल्टरही नको. ते पैसे ब्रेक ऑइल, पॅड आणि हवा मोजायच्या एका चांगल्या गेजवर घाला, उरले तर टायरसाठी ठेवा. क्लब स्प्रिंटमध्ये एका वेळी एकच गाडी सुटते आणि तिची शर्यत घड्याळाशी असते. रस्त्यावर ठेवतात तसले प्लास्टिकचे शंकू, म्हणजे कोन, लावून आखलेला मार्ग साधारण किलोमीटर-सव्वा किलोमीटरचा, एक रन साठ ते नव्वद सेकंदांचा, आणि त्यातला बराचसा दुसऱ्या गिअरमध्येच. एक सराव रन आणि तीन मोजलेले रन धरले तरी दिवसभरात गाडी पळते जेमतेम पाच मिनिटं. एवढ्यात एक्झॉस्टने मिळालेली चार-पाच हॉर्सपॉवर घड्याळाला कळतसुद्धा नाही. उलट एक कोन पाडला की दोन ते पाच सेकंद दंड चढतो आणि चुकीच्या गेटमधून, म्हणजे दोन कोनांमधल्या वाटेतून, गेलात तर तो रनच बहुधा बाद होतो. दंडाचे नेमके आकडे त्या दिवसाच्या सप्लिमेंटरी रेग्युलेशन्समध्ये, म्हणजे आयोजकांच्या नियमपत्रात, असतात. ती पानं कंटाळवाणी असतात, पण वाचाच. गाड्यांचे गटही त्यातच दिलेले असतात. टर्बो गाडीला बहुतेक ठिकाणी वरच्या गटात टाकतात आणि एक्झॉस्ट बदललेली गाडी ‘स्टॉक’ (काही न बदललेल्या गाड्यांच्या) गटातून बाहेर जाऊ शकते. म्हणजे पैसे खर्चून स्वतःला जड गटात ढकलायचं.

ग्राउंड डांबराचं आहे की मुरमाचं, हे आयोजकांना आत्ताच विचारून घ्या. मुंबईला स्वतःचा कायमचा रेस ट्रॅक नाही. देशातले ओळखीचे पक्के ट्रॅक म्हणजे चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोईम्बतूरला कारी आणि ग्रेटर नोएडाला बुद्ध. म्हणून इकडचे क्लब पनवेलच्या पुढची मैदानं, मोठी पार्किंगं किंवा घाटावरच्या खासगी धावपट्ट्या भाड्याने घेतात. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर वेगाच्या स्पर्धा झालेल्या आहेत. पुढचं सगळं डांबर गृहीत धरून लिहितो. मुरमावर असेल तर टायरच्या हवेचा हिशेब वेगळा होतो, इंजिनाखाली गार्ड लागतो आणि नंतर एअर फिल्टर झटकावा नाही तर बदलावाच लागतो.

कागदपत्रांत लोक सगळ्यात जास्त गाफील असतात. तुमची नेहमीची खासगी गाडीची विमा पॉलिसी काढून ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ हा परिच्छेद बघा. ऑर्गनाइझ्ड रेसिंग, पेस मेकिंग, स्पीड टेस्टिंग आणि रिलायबिलिटी ट्रायल यांसाठी गाडी वापरली तर संरक्षण नाही, असं तिथे सरळ छापलेलं असतं. स्प्रिंटमध्ये बंपर गेला तर खर्च तुमचा. आयोजकांचा विमा कशाकशाला आहे आणि त्यात स्पर्धकाला दुखापत धरली आहे का, हे लेखी विचारा. स्पर्धेला एफएमएससीआयचं, म्हणजे मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय महासंघाचं परमिट आहे का आणि तुम्हाला त्यांचं कॉम्पिटिशन लायसन्स काढावं लागेल का, तेही विचारा. लागत असेल तर डॉक्टरांचं प्रमाणपत्र आणि रक्तगट लागतो, शेवटच्या दिवशी धावपळ नको. आणि ‘सराव’ म्हणून रात्री सी लिंकवर किंवा पाम बीच रोडवर टायमिंग काढायचा विचार डोक्यात असेल तर तो आत्ताच काढून टाका. मोटर वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली सार्वजनिक ठिकाणी परवानगीशिवाय शर्यत लावली तर पहिल्या वेळेस ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडलात तर १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० पर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आता ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं, आणि चार महिने पाऊस खाणाऱ्या, उरलेले आठ महिने दमट असणाऱ्या मुंबईत ते लवकर जुनं होतं. डीओटी ४ प्रतीचं ऑइल कोरं असताना किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की हीच हमी १५५ अंशांवर येते. डीओटी ३ चे आकडे २०५ आणि १४०, डीओटी ५.१ चे २६० आणि १८०. पाच वर्षांत ऑइल एकदाही बदललं नसेल तर ते चहाच्या रंगाचं झालेलं असेल. ऑफिसच्या ट्रॅफिकमध्ये काहीच जाणवत नाही, पण स्प्रिंटमध्ये लागोपाठ सहा-सात कडक ब्रेक लागले की कॅलिपरमध्ये (पॅड दाबणाऱ्या भागात) वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून पेडल मऊ होऊन खाली बसतं.

पायाला इथे दोन वेगळे दोष कळतात आणि त्यांतला फरक ओळखता आला पाहिजे. पेडल खाली गेलं, दोन-तीनदा पंप केल्यावर थोडं वर आलं, तर ऑइल उकळलंय. पेडल दगडासारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतोय, तर पॅड तापून पकड सोडतायत. दुसऱ्या दोषाला थंड होऊ देणं पुरतं. पहिल्याला नाही. थंड झाल्यावर पेडल पुन्हा टाईट लागेल, पण ते ऑइल एकदा उकळून गेलेलं असतं आणि पुढच्या वेळी आणखी लवकर दगा देतं.

म्हणून स्पर्धेच्या आठवडाभर आधी गॅरेजमध्ये उभं राहून सगळं ऑइल बदलून घ्या. सीलबंद डीओटी ४ किंवा ५.१ च्या अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या. उघडून ठेवलेल्या डब्यातलं ऑइल घेऊ नका, त्यात ओल आधीच गेलेली असते. डीओटी ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळत नाही. नावातला फरक एका टिंबाचा आहे, काउंटरवरचा पोरगा गोंधळू शकतो. आपल्याकडे मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा, ऑइल ढकलणारा भाग) उजव्या बाजूला असल्यामुळे ब्लीडिंगचा, म्हणजे जुनं ऑइल आणि हवा बाहेर काढायचा, नेहमीचा क्रम मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, त्यामुळे मॅन्युअल बघून घ्या. पारदर्शक नळीतून नवं, स्वच्छ ऑइल बुडबुड्याशिवाय येईपर्यंत थांबायचं, आणि मधे ब्रेक ऑइलच्या कुप्पीतली पातळी खाली जाऊ द्यायची नाही. नाही तर हवा ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून.

पॅड निम्म्यापेक्षा कमी उरले असतील तर बदला. पातळ पॅड उष्णता थेट पिस्टनकडे आणि तिथून ऑइलकडे पाठवतात. नवे टाकलेत तर ते बसवून घ्यावे लागतात. पहाटेच्या रिकाम्या रस्त्यावर मागे कोणी नाही बघून साठवरून पंधरापर्यंत आठ-दहा वेळा जोरात पण न थांबता वेग उतरवायचा, मग दहा मिनिटं ब्रेक जवळजवळ न लावता गाडी फिरवायची. हे न करता थेट स्पर्धेला गेलात तर पहिल्या दोन रनमध्ये पॅडवर काच धरते आणि दिवस वाया जातो. मागच्या ड्रमचे लायनर याच वेळी उघडून बघा.

टायरच्या बाजूवर चार आकड्यांचा शिक्का असतो. २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३वा आठवडा. गाडीबरोबर आलेलेच टायर अजून असतील तर नक्षी दिसायला बरी असली तरी रबर कडक झालेलं असतं. पहिल्या स्प्रिंटसाठी मुद्दाम नवे घेऊ नका, फक्त बाजूला फुगा, चीर किंवा झिजून दिसणाऱ्या तारा नाहीत ना, ते बघा. पुढे नाद लागलाच तर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुन्या स्टील रिम्सचा एक संच घेऊन त्यावर वेगळे टायर चढवणं परवडतं.

हवेला मात्र वेळ द्या. फुकटात सेकंद मिळवून देणारी ती एकच गोष्ट आहे. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत वळणाचा, ब्रेकचा आणि ओढीचा बहुतेक भार पुढचे दोन टायर घेतात. कमी हवेत टायर कडेवर लोळतो आणि नाक बाहेर फेकलं जातं. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा आहे त्यापेक्षा पुढे पाच-सहा पीएसआय जास्त भरून सुरुवात करा, मागे स्टिकरइतकी किंवा दोन जास्त. मागे फार वाढवली की शेपूट हलकी होते, नवख्याला ते नको. टायरवर छापलेली कमाल मर्यादा कधीही ओलांडायची नाही.

मग शाळेतला पांढरा खडू घ्या. टायरचा जमिनीला लागणारा भाग संपून बाजू जिथे सुरू होते, तिथे बोटभर रुंद रेघ ओढा, नक्षीवरून खाली बाजूपर्यंत दोन इंच. अशा तीन रेघा प्रत्येक पुढच्या टायरवर. बहुतेक टायरच्या त्या कडेला एक छोटा त्रिकोण उमटवलेला असतो. रन करून आलात की खडू कुठपर्यंत पुसला गेलाय ते बघा. त्रिकोणाच्या टोकाशी थांबला तर हवा बरोबर. त्रिकोणाच्या खाली बाजूपर्यंत गेला तर दोन पीएसआय वाढवा. त्रिकोणाच्या बराच वर राहिला तर हवा जास्त आहे, दोन कमी करा. रन संपल्यावर लगेच, टायर गरम असतानाच मोजायचं. तापमान साधारण साडेपाच अंश वाढलं की एक पीएसआय चढतो, आणि मार्चच्या उन्हात डांबर हात लावू देत नाही. सकाळी आठला भरलेली हवा दुपारी बाराला तीच राहत नाही. पेट्रोल पंपावरच्या यंत्रावर विसंबू नका, दोन पंपांवर दोन आकडे दिसतात. स्वतःचा गेज चुकीचा असला तरी दिवसभर सारखाच चुकीचा असतो, तेवढं पुरतं.

बाकी तयारी भरभर सांगतो. इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत, कारण लांब वळणात ते एका बाजूला जमा होतं. पेट्रोल पाव ते अर्धी टाकी. दहा लिटर कमी म्हणजे साधारण साडेसात किलो कमी, पण पावच्या खाली गेलात तर वळणात पंप हवा ओढतो आणि गाडी अडखळते. बॅटरी हाताने हलवून बघा, हलली तर स्क्रुटिनीत, म्हणजे स्पर्धेआधीच्या गाडीच्या तपासणीत, अडकाल. पुढचा टो-हुक डिकीतून काढून बसवून बघा. काही युरोपीय गाड्यांत, उदाहरणार्थ पोलोत, आटे उलटे असतात आणि ऐनवेळी लोक सुलट फिरवत बसतात. हेल्मेट पूर्ण चेहऱ्याचं, रेग्युलेशन्समध्ये मान्य असलेल्या प्रमाणाचं. गाडीसाठीची हेल्मेटं आतून आग न धरणारी असतात, बाईकची नसतात. पहिल्या दिवशी बाईकचं चालेल का हे आयोजकांना विचारा आणि घरीच हेल्मेट घालून सीटवर बसून बघा, डोकं छताला टेकतं का. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, सुती पँट, पातळ तळाचे बूट. नायलॉनचा टी-शर्ट नको, तो आगीत अंगाला चिकटतो.

ठाण्याहून निघताना अंधारातच निघा. रिपोर्टिंग सहसा सात-साडेसातचं असतं आणि पाचनंतर रस्त्यावर ट्रक वाढत जातात. घाटावर जायचं असेल तर लोणावळ्याला एक वडापाव पुरे, हेल्मेटमध्ये ढेकर फार वाईट लागतो. पोहोचल्यावर आधी गाडी पूर्ण रिकामी करायची: स्टेपनी, जॅक, मॅट, पाण्याच्या बाटल्या, डॅशवरचा गणपतीसुद्धा. सगळं ताडपत्रीवर. ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट विसरू नका, ती सरकून पेडलखाली जाते.

स्क्रुटिनीत चाकाचे नट, बॅटरी, गळती, सीट बेल्ट, ब्रेक लाइट, हेल्मेट आणि मागितलं असेल तर एक्स्टिंग्विशर (आग विझवायचा सिलिंडर) बघतात. एक्स्टिंग्विशर धातूच्या क्लॅम्पमध्ये बोल्टने बसवलेला हवा. डिकीत लोळणारा चालत नाही, आणि ते बरोबरच आहे. नट टॉर्क पान्याने, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, कसा. बहुतेक छोट्या हॅचबॅकला ८५ ते ११० न्यूटन-मीटर लागतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये. पायाने पान्यावर उभं राहून कसलेले नट आटे ताणतात. पहिल्या रननंतर पुन्हा एकदा तपासा.

त्यानंतर ब्रीफिंग. इथे एकच प्रश्न विचारा: घड्याळ झेंड्यावर सुरू होतं की बीम (वाटेत आडवा सोडलेला प्रकाशझोत) तुटल्यावर? बीमवर असेल तर हिरवा दिवा लागल्यावर तुम्ही दोन सेकंदांनी निघालात तरी काही बिघडत नाही, श्वास घेऊन निघा. लाल झेंडा दिसला की लगेच वेग उतरवून थांबायचं, तो रन सहसा पुन्हा मिळतो.

मग मार्ग पायी चालायचा. गप्पा मारत नाही, एकट्याने, तीनदा. पहिल्यांदा नुसती वाट समजून घ्यायला. दुसऱ्यांदा ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या उंचीवर वाकून, कारण उभ्याने दिसणारी वाट सीटवरून दिसत नाही, तिथून फक्त कोनांचं रान दिसतं. आडवा पडलेला कोन वळायची बाजू दाखवतो. तिसऱ्यांदा फक्त ब्रेकच्या जागा ठरवायला आणि खडी, तेलाचे डाग, भेगा बघायला. शेवटी डोळे मिटून अख्खा मार्ग मनात फिरवता आला तर तयार आहात.

सुटण्याआधी बेल्टची एक युक्ती. सीट दोन खाचे मागे घ्या, बेल्ट लावा, छातीवरचा पट्टा झटक्याने ओढून लॉक करा आणि लॉक असतानाच सीट पुढे सरकवा. पट्टा अंगाला घट्ट बसतो आणि स्टीअरिंगला लोंबकळावं लागत नाही. सीट खाचेत बसल्याचा ‘टक’ ऐकू आला पाहिजे. एसी रांगेत लागतो हे खरं, पण स्टार्टजवळ येण्याआधी बंद करा. इंजिनावरचा भार जातो, आणि मुंबईच्या हवेत एसीमधून टपकणारं पाणी स्टार्टलाइनवर सांडलं की मागच्याची चाकं फिरतात आणि मार्शल ओरडतात.

सुटताना अडीच-तीन हजार आरपीएम, क्लच पटकन पण न आपटता. चाकं किंचाळली तर पाय थोडा उचला, आवाज म्हणजे वेग नव्हे. लगेच दुसरा गिअर आणि शक्यतो तिथेच राहा. १.२ लिटरच्या हॅचबॅकला दुसऱ्यात ऐंशीच्या आसपासपर्यंत जाता येतं. एका छोट्या सरळ पट्ट्यासाठी तिसरा टाकून परत दुसरा घेण्यात जितका वेळ जातो तितका मिळत नाही.

पहिला मोजलेला रन ऐंशी टक्क्यांनी करा. नवख्यांचा वेळ जातो तो ब्रेक उशिरा मारण्याच्या हट्टात. साठच्या वेगाला गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. ब्रेक एक दशांश सेकंद उशिरा लागला की सुमारे १.७ मीटर पुढे गेलात, वळण हुकलं, नाक बाहेर, आणि मग स्टीअरिंग आणखी वळवत बसता. नाक बाहेर जात असताना आणखी वळवून काहीच होत नाही. पाय हलका करा, स्टीअरिंग थोडं सरळ करा, टायर परत धरतो. फक्त वेगातल्या वळणात पाय एकदम उचलू नका, वजन पुढे येऊन शेपूट सुटते. ओळीने लावलेल्या कोनांतून नागमोडी जाताना नजर पुढच्या कोनावर नको, त्याच्या पुढच्यावर हवी, आणि वळणं कोनाच्या आधीच सुरू करायचं. कोनाशी पोहोचल्यावर वळलात तर प्रत्येक कोनाला थोडा थोडा उशीर साठत जातो आणि चौथा कोन हमखास पडतो.

रन संपला की हँडब्रेक ओढू नका. ड्रम तापलेले असतात, थंड होताना आवळले जातात. गिअरमध्ये टाकून चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावा. टर्बो गाडी असेल तर मिनिट-दोन मिनिटं आयडल ठेवा. बोनेट उघडा, हवा मोजा, खडू बघा आणि वहीत चार गोष्टी लिहा: वेळ, पडलेले कोन, गरम हवा, कुठे चुकलं. दोन रनच्या मध्ये दीड-दोन तास जातात आणि आठवण फार दगाबाज असते. माणशी तीन-चार लिटर पाणी लागतं. दुपारच्या शेवटच्या रनमध्ये होणाऱ्या चुका बऱ्याचदा तहानेच्या असतात.

परतीचा बोरघाट मात्र डोक्यात ठेवा. दिवसभर तापलेल्या ब्रेकवर, संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत सतत उतार आहे. निघण्याआधी इंजिन चालू ठेवून पेडल जोरात दाबून तीस सेकंद धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठे तरी गळती किंवा मास्टर सिलिंडरचा दोष असू शकतो, तो ब्लीड करून जात नाही, गाडी तशीच घाटात नेऊ नका. दिवसभरात एकदाही मऊ लागलं असेल तर तिथेच ब्लीड करून निघा. ब्लीड करण्यासाठी एक सीलबंद बाटली, चाकामागच्या ब्लीड निपलचा रिंग पाना (सहसा ८ किंवा १० नंबर) आणि हातभर नळी सोबत असू द्या. टायरची हवा स्टिकरच्या आकड्यावर आणा, स्टेपनी परत टाका, घाट तिसऱ्या गिअरमध्ये उतरा. सोमवारी ऑफिसला निघण्याआधी, गाडी थंड असताना, नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा आणि ब्रेक ऑइलची पातळी बघा. पातळी थोडी खाली असेल तर आधी पॅड किती झिजलेत ते पाहा, मगच कुप्पी उघडा.